पोपटाची चोच वाढतेय? कात्रीआधी ताट बघा

हुरड्याच्या दिवसांत धाराशिवच्या शिवारात पोपटांचे थवे ज्वारीच्या कणसांवर उतरतात. गोफण फिरवून राखणदार दमतो, पण चोच वाढलेला पोपट त्या थव्यात क्वचितच दिसतो. तो दिसतो ओसरीवरच्या पिंजऱ्यात. पोपटाची चोच आपल्या नखांसारखी जन्मभर वाढते. रानातला पोपट दिवसभर शेंगा फोडतो, साली सोलतो, ढोलीचे तोंड कोरतो आणि वाढलेले झिजवून टाकतो. पिंजऱ्यातल्याला वाटीत भिजवलेली डाळ आयती मिळते, चोचीला कामच उरत नाही. काम देऊनही चोच वाढत राहिली, तर बिघाड बहुधा यकृतात असतो. म्हणून आधी चोचीला काम, मग पोटाकडे लक्ष.

आधी एवढे तपासा

• पोपट कोणता? लाल चोचीचा, गळ्याला कंठी असलेला आपला हिरवा पोपट आणि खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट, या दोघांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते पाळणे, विकणे, विकत घेणे हा गुन्हा आहे. असा पोपट घरात असेल तर वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा. पिंजऱ्याचे दार उघडून मोकळे होऊ नका. माणसाच्या हातून खाऊन वाढलेल्या पोपटाला रानात पोट भरता येत नाही.

• परदेशी पक्षी असेल तर? बजरीगर, कॉकाटील, लव्हबर्ड पाळता येतात. आफ्रिकन ग्रे, सन कन्यूर, मकाव आणि लव्हबर्डच्या काही जाती यांची मात्र 2024 च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते.

• चोच खरेच वाढली का? वरची चोच खालच्या चोचीवर बाकदार उतरणे हे पोपटाचे रूपच आहे. बाजूने बघा. टोक गळ्याच्या पिसांना टेकत असेल, दाणा धरताना निसटत असेल किंवा वरची-खालची चोच एकमेकींवर नीट बसत नसेल, तर ती वाढली आहे. चोचीवरून पातळ पापुद्रे निघणे आणि झोपण्याआधी चोच कर्र कर्र घासणे, या दोन्ही गोष्टी निरोगी आहेत.

काय करावे

1. सालीसकट फांद्या द्या. पेरू किंवा कडुलिंबाची चालेल, काटे काढलेली बाभळीचीही चालेल. एक करंगळीएवढी, एक अंगठ्याहून जाड, अशा वेगवेगळ्या जाडीच्या घ्या. घासून धुवा, कडक उन्हात वाळवा आणि बसायची दांडी म्हणून आडव्या अडकवा. पक्षी आधी साल ओढतो, मग गाभा कुरतडतो. साल संपली की फांदी बदला.

2. दाणा कणसासकट टांगा. ज्वारी-बाजरीची कणसे इथे घरोघरी मिळतात. वाटीतला दाणा पक्षी नुसता उचलतो. कणसातला उपटून, भुसा सोडवून खावा लागतो. मोठ्या पोपटाला नारळाच्या करवंटीचा तुकडा द्या, पण वरचा काथ्या पुरता काढून. काथ्यात पायाची बोटे अडकतात.

3. समुद्रफेन लावा. काष्ठौषधींच्या दुकानात अख्खा तुकडा मागा, भुकटी नको. धुऊन, वाळवून, मऊ बाजू पक्ष्याकडे येईल असा पिंजऱ्याला बांधा. त्यातून कॅल्शियम मिळते. तो मऊ असल्याने चोच फार झिजत नाही, म्हणून फांदीला पर्याय समजू नका.

4. ताटात रंग आणा. अ जीवनसत्त्व कमी पडले की चोचीचे कवच खरबरीत आणि वेडेवाकडे होते. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, लाल मिरची आलटून पालटून द्या. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही.

5. सकाळचे कोवळे ऊन द्या. पंधरा-वीस मिनिटे पुरे. पिंजऱ्याची अर्धी बाजू सावलीत ठेवा. उन्हातून मिळणाऱ्या ड जीवनसत्त्वाशिवाय खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही.

6. महिन्याला फोटो, आठवड्याला वजन. फोटो त्याच बाजूने आणि तेवढ्याच अंतरावरून काढा. वजनाला ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा चालतो. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना चोचीची वाढ कळत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की कळते.

काय टाळावे

1. नेलकटर, कात्री, कानस. चोचीच्या आत हाड, रक्तवाहिन्या आणि नसा आहेत. चोच लांबली की आतला जिवंत भागही टोकाकडे सरकतो. कात्रीने कवच उभे चिरते आणि रक्त लागते. 35 ग्रॅमच्या बजरीगरच्या अंगात सारे मिळून रक्त तीनेक मिली. तिथे पाच-सात थेंबही जड जातात. रक्त आलेच तर कॉर्नफ्लोअर लावून हलके दाबा आणि दवाखाना गाठा. चुना किंवा विडीची राख लावू नका.

2. छाती आवळून धरणे. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीची हालचाल थांबली की श्वासच थांबतो. धरायची वेळ आलीच तर रुमालात सैल गुंडाळा, डोके दोन बोटांत धरा.

3. रोज सूर्यफूल नि करडई. सूर्यफुलाच्या गरात जवळपास निम्मे तेल असते. पिंजऱ्यात उडणे नाही, त्यात तेलबियांचे जेवण. मग यकृतात चरबी साठते आणि चोच भराभर वाढू लागते. चार दाणे खाऊ म्हणून द्या, जेवण म्हणून नको.

4. चहा-बिस्कीट, फरसाण, चॉकलेट. मीठ, साखर आणि चहातले कॅफिन पक्ष्याला झेपत नाही. चॉकलेट नि अ‍ॅव्होकॅडो तर विषच.

5. जुने, खवट शेंगदाणे. त्यांवरच्या बुरशीचे विष थेट यकृतावर जाते. उन्हाळ्यात भिजवलेली डाळही दोन-तीन तासांत उचला.

6. कण्हेरीची फांदी. अंगणात हाताशी असते म्हणून तोडली जाते. पान, साल, लाकूड, सगळेच विषारी. रुई आणि एरंडही दूर ठेवा. फवारणी झालेल्या बागेतली पेरूची फांदीही नको.

7. दांडीला गुंडाळायचा पॉलिश पेपर. चोच झिजण्याआधी तळपाय सोलतात.

8. गज चावतोय, चोच झिजतेय, अशी समजूत. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी सतत चावली तर जस्त पोटात जाऊन विषबाधा होते. गज चावणारा पक्षी कंटाळलेला असतो. त्याला फांदी द्या.

9. जनावरांचे गोचिडाचे औषध. बजरीगरच्या चोचीच्या मुळाशी पांढरट, जाळीदार खपली दिसली तर तो सूक्ष्म किडीचा त्रास असू शकतो. तो बरा होतो, पण गोठ्यातले औषध अंदाजाने लावू नका. म्हशीच्या मापाचा एक थेंब पक्ष्याच्या जिवावर बेततो.

डॉक्टरकडे कधी, कसे

चोच दोन महिन्यांत ठळक लांबली, सोबत नखेही वाढली, चोचीवर काळपट-तांबूस डाग आले, विष्ठेतला पांढरा भाग हिरवट-पिवळा झाला किंवा वजन घटले, तर वाट पाहू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करून पक्ष्यांचा अनुभव असलेले डॉक्टर कोण आहेत ते विचारा. उमरगा-लोहाऱ्याकडच्यांना उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय विचारता येईल. मुंबईला जाणे होत असेल तर परळचे बाई साकरबाई पेटिट रुग्णालय आहे.

पहाटे निघा, दुपारी एसटीतल्या उकाड्याने आजारी पक्षी दगावतो. लहान पिंजरा अर्धा सुती कापडाने झाका. तळाचा कागद न बदलता न्या, डॉक्टरांना विष्ठा पाहायची असते. सोबत फोटो आणि आठवडाभराच्या खाण्याची यादी ठेवा. त्या यादीत लाजेखातर फरसाण गाळू नका.

डॉक्टर बहुधा फिरत्या घासणीने चोच थोडी थोडी उतरवतील. फार लांबलेली असेल तर दोन-तीन खेपांत, म्हणजे आतली रक्तवाहिनी मागे सरकायला वेळ मिळतो. यकृतासाठी रक्ततपासणी सांगितली तर टाळू नका. चोच घासून आणली आणि वाटीत पुन्हा सूर्यफूलच ओतले, तर काही आठवड्यांत त्याच दवाखान्याची पायरी चढावी लागेल.