सह्याद्रीची वने आणि संरक्षणाची सीमारेषा
(अभ्यास-लेख)

गोव्याच्या पूर्व सीमेवर सत्तरीपासून काणकोणपर्यंत सह्याद्रीची रांग उभी आहे. नैऋत्य मोसमी वारे या रांगेवर आदळतात आणि घाटमाथ्याच्या पट्ट्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हा पाऊस उघड्या डोंगरावर पडला, तर काही तासांत माती घेऊन समुद्राला मिळतो. तोच वनाच्छादित उतारावर पडला, तर पानांच्या छत्रावर त्याचा जोर मोडतो, पालापाचोळ्यात तो जिरतो आणि पुढे कित्येक महिने झऱ्यांच्या व व्हाळांच्या रूपाने नदीस मिळत राहतो. ओपा येथील जलशुद्धीकरण केंद्रास पाणी पुरविणारी खांडेपार नदी आणि दक्षिण गोव्याची तहान भागविणारे साळावली धरण, ही दोन्ही या डोंगरांवर पडणाऱ्या पावसावरच अवलंबून आहेत. म्हणूनच डोंगरावरील वन टिकते की नाही, हा प्रश्न रानालगतच्या ग्रामस्थांइतकाच पणजी-मडगावच्या नागरिकांचाही आहे.

संरक्षित क्षेत्रांची वाटचाल

गोवा मुक्तीनंतर वनसंरक्षणाच्या दिशेने पडलेले पहिले महत्त्वाचे पाऊल म्हणजे १९६०-७० च्या दशकात मोले, खोतीगाव आणि बोंडला या क्षेत्रांना मिळालेले संरक्षण होय. मोले येथील अभयारण्यास पुढे भगवान महावीर यांचे नाव देण्यात आले आणि १९७८ मध्ये त्यातील १०७ चौरस किलोमीटरचा गाभा राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. १९९९ साली म्हादई (सुमारे २०८ चौ. कि.मी.) व नेत्रावळी (सुमारे २११ चौ. कि.मी.) या दोन अभयारण्यांची त्यात भर पडली. त्यामुळे गोव्याच्या हद्दीतील सह्याद्रीचा पट्टा उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत जवळजवळ अखंड संरक्षणाखाली आला. राज्याच्या ३,७०२ चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी सुमारे एक-पंचमांश भाग आज संरक्षित क्षेत्रात मोडतो. लहान राज्याच्या दृष्टीने हे प्रमाण निश्चितच लक्षणीय आहे.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांतील भेद ध्यानी घेणे आवश्यक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार राष्ट्रीय उद्यानात गुरांना चरण्यास मनाई आहे व खाजगी हक्कांचा निवाडा पूर्ण करावा लागतो. अभयारण्यात मात्र जिल्हाधिकाऱ्यांनी चौकशी करून काही हक्क पुढे चालू ठेवण्यास अनुमती देता येते आणि चराईचे नियमन करता येते. वनजमीन अन्य कामासाठी वळवावयाची झाल्यास १९८० च्या वन संवर्धन अधिनियमान्वये केंद्र शासनाची पूर्वसंमती लागते.

लाभ मोजावा कसा?

संरक्षित क्षेत्रात झाडे अधिक आणि बाहेर कमी असे दिसले, की संरक्षण यशस्वी झाले असा निष्कर्ष आपण सहज काढतो. पण हा निष्कर्ष घाईचा ठरू शकतो. जगभर बहुतेक संरक्षित क्षेत्रे उंच, खडकाळ, तीव्र उताराच्या व वस्तीपासून दूरच्या जमिनीवर आखली गेली आहेत. अशा ठिकाणी नांगर पोहोचत नाही आणि रस्ताही जात नाही. तेथील वन कायदा नसता तरी बऱ्याच अंशी टिकले असते. यास्तव अभ्यासक आता संरक्षित उताराची तुलना तितक्याच उंचीच्या, तितक्याच चढाच्या व रस्त्यापासून तितक्याच अंतरावरील असंरक्षित उताराशी करतात. कोस्टा रिका या डोंगराळ देशाविषयी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात आढळले, की संरक्षण नसते तर तेथील संरक्षित वनांपैकी सुमारे दहावा भाग तुटला असता. लाभ खरा होता, परंतु साध्या तुलनेत तो वास्तवापेक्षा कितीतरी मोठा दिसत होता.

जागतिक पातळीवरील चित्र चिंताजनक आहे. २००० ते २०१८ या काळात जगातील सुमारे ७ कोटी ८० लाख हेक्टर पर्वतीय वन नष्ट झाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. व्यापारी तोड, शेतीचा विस्तार आणि वणवे ही त्याची प्रमुख कारणे होत. जैवविविधतेने समृद्ध प्रदेशांत संरक्षित क्षेत्राच्या आतील हानी बाहेरच्यापेक्षा कमी होती, हेही त्याच अभ्यासाने दाखविले. सारांश, सीमारेषा उपयोगी पडते, पण सर्वत्र व सारख्या प्रमाणात नाही.

संरक्षण कोठे फळास आले?

गोव्यात या सीमारेषेची खरी कसोटी दुर्गम कड्यांवर लागली नाही. जेथे जमिनीला मोठी आर्थिक मागणी होती, तेथे ती लागली. सत्तरी व सांगे तालुक्यांत वनांच्या पोटात लोहखनिज आहे. अभयारण्यांच्या आत व त्यांच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या पट्ट्यात खाणकाम होऊ नये, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी प्रस्थापित झाले आणि २०१४ च्या गोव्याविषयीच्या निकालात ते कायम राहिले. डोंगर एकदा खणला गेला, की त्याचे वन व त्याचे झरे पुन्हा निर्माण करता येत नाहीत. त्यामुळे हा लाभ आकड्यांत मांडता आला नाही, तरी त्याचे मोल मोठे आहे.

दुसरे उदाहरण मोले परिसराचे आहे. कॅसलरॉक ते कुळे या घाटातील लोहमार्गाच्या दुपदरीकरणास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. हे वन संरक्षित नसते, तर असा प्रश्न न्यायालयापुढे या स्वरूपात आलाच नसता.

सीमारेषा कोठे अपुरी पडली?

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात व भोवतालच्या डोंगरांवर अनेक ठिकाणी वणवे पेटले. ते विझविण्यासाठी नौदल व वायुदलाच्या हेलिकॉप्टरांतून पाणी टाकावे लागले. दमट सदाहरित वन सहसा आपणहून पेटत नाही. आग प्रथम गवताळ सड्यांवर, रस्त्याकडेला किंवा बागायतीतील पाला जाळताना लागते आणि कोरड्या हवेत वर चढते. तीत सावलीत वाढणारी कोवळी रोपे मरतात, छत्र विरळ होते, ऊन आत शिरते आणि गवत व रानमोडी यांना वाव मिळतो. पुढील उन्हाळ्यात हेच गवत पुन्हा इंधन होते. या चक्रास राजपत्रातील अधिसूचना अडवू शकत नाही. तेथे वेळेवर काढलेली जाळरेषा, पुरेसे वनरक्षक आणि प्रथम धूर पाहणारा ग्रामस्थ हेच उपयोगी पडतात.

दुसरी घटना याहून बोलकी आहे. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यातील गोळावली येथे एक वाघीण व तिचे तीन बछडे मृतावस्थेत आढळले. त्यांच्यावर विषप्रयोग झाला होता आणि त्यापूर्वी वाघाने गुरे मारली होती, असे तपासात पुढे आले. हे कृत्य समर्थनीय नाही. तथापि ज्या कुटुंबाचा संसार चार गुरांवर चालतो, त्यास एका म्हशीचे मरण काय असते, याचा विचार नुकसानभरपाईची प्रकरणे हाताळणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने करावयास हवा. भरपाई वेळेवर व सन्मानाने हाती पडली, तर विषाची बाटली बाहेर निघण्याची शक्यता नक्कीच घटते.

वन आणि वनालगतचा माणूस

या डोंगरांत गावडा, वेळीप, कुणबी व धनगर-गवळी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. काजूचे डोंगर, कुळागरे व चराई यांवर त्यांची उपजीविका आहे. अभयारण्याची घोषणा झाली, पण हक्कांचा निवाडा रेंगाळला, की ग्रामस्थास आपल्याच बागायतीत आपण परके झालो असे वाटू लागते. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने असे दावे ग्रामसभेमार्फत निकाली काढण्याचा मार्ग दिला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये म्हादई व अन्य क्षेत्रे व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तेव्हा वननिवासींचे दावे शक्यतो बारा महिन्यांत निकालात काढावेत, असेही सांगितले. या आदेशाविरुद्ध राज्य शासनाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. व्याघ्र प्रकल्पाविषयी कोणाचे मत काहीही असो, हक्कांचा निवाडा लवकर व्हावा याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

लोकांच्या हाती वन सुरक्षित राहत नाही, हा समज अनुभवाच्या कसोटीवर उतरलेला नाही. कुमाऊँच्या पहाडात १९३१ पासून वनपंचायतींची व्यवस्था आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने उपग्रह-चित्रांच्या आधारे दाखविले, की पंचायतींच्या ताब्यातील वनांचे छत्र शासकीय वनांच्या तुलनेत उणे नव्हते आणि त्यांवरील खर्च मात्र कितीतरी कमी होता. आपल्या सत्तरीतील देवराया हाही असाच दाखला होय. बांबर येथील निरंकाराची राय रानजायफळाच्या दुर्मिळ दलदलीसह टिकली, ती कोणत्याही अधिनियमापूर्वीपासून, गावाच्या श्रद्धेच्या बळावर.

समारोप

संरक्षित क्षेत्र हे कुंपण नसून एक करार आहे. खाण, महामार्ग व व्यापारी तोड यांसारख्या बाहेरून येणाऱ्या मोठ्या दडपणापुढे कायद्याची सीमारेषाच उभी राहू शकते. ते बळ एकट्या गावापाशी नसते. वणवा, विषप्रयोग व चोरटी तोड यांपुढे मात्र गावाचा सहभागच प्रभावी ठरतो. ते बळ एकट्या खात्यापाशी नसते. ही दोन बळे एकत्र आली, तरच वैशाखात आटू नये असा झरा पुढच्या पिढीच्या वाट्यास येईल.

अभ्यासासाठी

१. आपल्या गावच्या विहिरीचे वा नळाचे पाणी कोणत्या डोंगरावरून येते, ते शोधून काढा.
२. राष्ट्रीय उद्यान व अभयारण्य यांतील हक्कविषयक भेद सांगा.
३. दोन उतारांवरील वनांची तुलना करताना कोणत्या बाबी समान असाव्यात, व का?
४. आपल्या परिसरातील एखाद्या देवराईस भेट द्या. तेथील वृक्षांची व गावाने पाळलेल्या नियमांची नोंद करा.