वाडीतली खोपी: सुतारआजोबांचे कानमंत्र

बाय, तुला वाडीत अवजारांसाठी लाकडी खोपी बांधायची आहे, आणि तीही स्वतःच्या हातांनी. जरूर बांध. सुतारकाम शिकायला याहून बरे पहिले काम नाही. कपाट करायला बसलीस तर सूतभर फरकही दारात दिसतो, खोपीत तो पागोळीखाली झाकून जातो. पण एक गोष्ट आधी कानात घालून ठेव: लाकूड पाण्याने कुजत नाही, अडकून राहिलेल्या पाण्याने कुजते. आपल्या रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. एवढे पाणी अडवायला जाऊ नको. आलेले पाणी लगेच गळून जाईल आणि मागे राहिलेली ओल वाऱ्याने वाळेल, एवढेच बघ. पुढचे सगळे सांगणे या एका गोष्टीसाठीच आहे.

जागा आणि दिशा

माडाखाली बांधू नको, फणसाखालीही नको. नारळ पडला तर कौल फुटते हे कुणालाही कळते. पण खरा त्रास पातेऱ्याचा असतो. कौलांवर पाला साचला की त्याखालची ओल दिवाळीपर्यंत हटत नाही. लाकूडफाट्याचा ढीग आणि शेणखताचा खड्डा यांच्यापासूनही लांब राहा, वाळवीचे घर तिथेच असते. गेल्या पावसाळ्यातल्या ओघळांच्या खुणा जमिनीवर अजून दिसतील. त्या वाटेत जोते घालू नको.

पाऊस आपल्याकडे पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो. म्हणून दार पूर्वेला ठेव. छप्पर एकपाखी कर: पुढची, पूर्वेची बाजू उंच आणि मागची, पश्चिमेची बाजू बुटकी. म्हणजे झड घेणारी भिंत सगळ्यांत लहान राहते. दोन पाखांचे छप्पर दिसायला छान, पण आडे आणि कैच्या बसवणे पहिल्या खेपेला नको.

कामाला हात लावण्याआधी ग्रामपंचायतीत विचारून घे. लहान खोपी म्हणून कुणी अडवणार नाही, असे धरून चालू नये.

माप ८ बाय ६ का

मुद्दाम सांगतो. ८ आणि ६ फुटांच्या आयताचा कर्ण बरोबर १० फूट येतो. दोरी लावून दोन्ही कर्ण मोज. दोन्ही १० फूट भरले की चारही कोपरे गुण्यात आहेत, दुसरी तपासणी लागत नाही. सपाटी बघायला महागडे यंत्र नको. पारदर्शक नळीत पाणी भर, बुडबुडे काढून टाक आणि एका कोपऱ्यावरची पातळी दुसऱ्या कोपऱ्यावर घे. खांब उभा आहे का ते ओळंब्याने बघ, आणि दोन बाजूंनी बघ. एका बाजूने सरळ दिसणारा खांब दुसऱ्या बाजूने कललेला असू शकतो.

जोते

खांब जमिनीत पुरायचा नाही. पूर्वी मेढी पुरत, कारण तेव्हा खैराचा जुना गाभा मिळायचा आणि दर काही वर्षांनी खोपी नव्याने उभारायची तयारीही असायची. तू जांभ्या चिऱ्याचे जोते घाल, जमिनीपासून निदान ९ इंच वर. जमिनीवर आपटून उडालेले पाणी त्या उंचीच्या वर फारसे जात नाही.

जांभा पाणी पितो, हे मात्र विसरू नको. चिऱ्यावर खांब थेट टेकवलास तर चिरा खालची ओल वर खेचून खांबाच्या बुडाला पाजत राहतो. मध्ये कडाप्पाचा तुकडा घाल. खांबाचे बूड डांबराने माखून मग त्यावर ठेव. खांब सरकू नये म्हणून चिऱ्यात लोखंडी पट्टी बसवून ती खांबाला बोल्टने आवळ. भुई मुरूम धुमसून त्यावर शहाबादी फरशीची कर, उतार दाराकडे. लाकडी तक्तपोशीच्या फंदात पडू नको. तिच्याखाली उंदीर राहतील आणि उंदरांच्या मागून घोणस येईल.

लाकूड

आधी गावात कुठे जुने घर उतरवत आहेत का ते बघ. जुने वासे आणि तुळया वर्षानुवर्षे वाळलेल्या असतात, आता त्या वाकायच्या नाहीत. हातोडीने ठोकून बघ. खणखणीत आवाज आला तर घे, भद्द आवाज आला तर आत पोकळ आहे. टोके किकऱ्याने टोचून बघ, कारण कूज टोकाकडून सुरू होते. करवत लावण्याआधी सगळे जुने खिळे काढ.

वखारीतून घ्यायचे तर खांबांना साग, ऐन किंवा किंजळ, फळ्यांना फणस किंवा अकेशिया. आंब्याच्या फळ्या स्वस्त मिळतात, त्या पेट्यांना ठीक. बाहेरच्या भिंतीला लावल्यास तर भुंगा आणि बुरशी त्यांना लवकर गाठतात. कोणत्याही झाडाचा गाभा टिकतो, सालीलगतचा पांढरा भाग टिकत नाही. सागाचासुद्धा नाही. पांढरा पट्टा दिसला की ती बाजू तासून टाक.

घनफुटाचा हिशेब स्वतः कर. रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत घे, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भाग. ४ बाय ४ इंचांचा ९ फूट लांब खांब म्हणजे बरोबर १ घनफूट, एवढे लक्षात ठेवलेस की वखारवाला तुला गोंधळवू शकणार नाही.

आपल्याच वाडीतले झाड तोडायचे मनात असेल तर आधी परवानगी. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड अधिनियम आहे. साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, खैर ही झाडे खासगी जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

लाकूड घरी आले की पडवीत थप्पी लाव. दोन थरांमध्ये पट्ट्या घाल, पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत हव्यात. फळ्यांच्या टोकांना रंग किंवा मेण लाव. टोकाकडून लाकूड फार भरभर वाळते आणि मग तडकते. दिवाळीनंतर थप्पी लावलीस तर शिमग्यानंतर कामाला हात घालता येईल.

सांगाडा

एकूण सात खांब: चार कोपऱ्यांना, एक मागे मधोमध, आणि दोन पुढे दाराच्या दोन्ही अंगांना. पुढचे खांब ९ फूट, मागचे ६ फूट. म्हणजे दोन फूट आडव्याला एक फूट चढ. मंगलोरी कौलांना याहून चपटा उतार चालत नाही, वाऱ्याने पाणी उलटे चढून सांध्यांतून आत येते.

खांबांच्या डोक्यावर तुळई कुसू पाडून बसव. कुसवाची जाडी खांबाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. साल, म्हणजे कुसू बसायची खाच, आधी पाड आणि तिच्या मापाने कुसू काप. कुसू आधी कापलास तर साल पाडता पाडता सैल होते. पटाशीला धार आहे का ते तिच्यावर जोर किती द्यावा लागतो त्यावरून कळते. जोर लागला की थांब आणि दगडावर घास. बोथट पटाशीच हात कापते.

आयत हलतो, त्रिकोण हलत नाही. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात खांब आणि तुळईमध्ये तिरका टेकू घाल. तो नसेल तर ओळंब्यात उभी केलेली खोपीही दोन पावसाळ्यांत एका बाजूला झुकते. पुढची आणि मागची चौकट जमिनीवर आडवी जुळवून घे आणि तिघांनी मिळून उभी कर. तिला तात्पुरते टेकू दिल्याशिवाय हात सोडायचा नाही.

छप्पर

वासे ४ बाय २ इंचांचे, दोन-दोन फुटांवर. प्रत्येक वाशाला खाच पाडून तो तुळईवर बसव, पण खाच वाशाच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून खोल नको. पश्चिमेला दीड फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना फूटभर छप्पर बाहेर काढ. वळचण आखूड करून दोन रिपा वाचवणारा माणूस पुढे फळ्या बदलण्यात त्याच्या कितीतरी पट घालवतो.

रिपांतले अंतर कुणाच्या सांगण्यावरून ठरवू नको, माझ्याही नको. आपली कौले जमिनीवर एकमेकांत अडकवून मांड आणि मोज. बहुधा साडेबारा इंच येईल, पण कारखान्यागणिक थोडा फरक असतो. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, आणि मग कोकणातल्या नळ्यांची जागा हळूहळू या कौलांनी घेतली, ती याच खाचांमुळे. कौल कौलाला धरून राहते. तुझ्या छपराला दीडशेच्या आत कौले पुरतील. एक अडीच किलोच्या आसपास भरते, म्हणजे पावणेचारशे किलो वजन, आणि पावसात त्याहून जास्त. म्हणून खांब आणि वासे बारीक करू नको.

वजन छप्पर खाली दाबते, वारा मात्र ते वर उचलतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले आणि दापोली, मंडणगडापर्यंत छपरे उडाली. नुसत्या खिळ्यांवर बसलेला वासा वाऱ्याला सहज सापडतो. प्रत्येक वासा तुळईला आणि प्रत्येक तुळई खांबाला लोखंडी पट्टीने बांध. कडेच्या कौलांना तारेने रिपेशी आवळ. पत्रा घालणार असलीस तर भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाड, खोलगट भागात नको.

भिंती आणि दार

फळ्या आडव्या लाव, खालून वर चढत. वरची फळी खालच्यावर इंचभर चढली पाहिजे. सगळ्यांत खालची फळी जोत्याच्या बाहेरून इंचभर खाली उतरव, म्हणजे पाणी जोत्यावर न थांबता खाली गळेल. ही खालची फळी खिळ्यांऐवजी स्क्रूने बसव. कुजली तर तीच आधी कुजणार, आणि तेव्हा एकटी बदलता येईल.

खिळा फळीच्या जाडीच्या तिप्पट लांब हवा आणि जस्त चढवलेला. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधा खिळा गंजतो, आणि ऐनासारख्या तुरट लाकडात काळे डाग पाडतो. ऐनात आधी सामत्याने भोक पाड, नाहीतर खिळा वाकेल किंवा फळी फुटेल. फळीच्या टोकाशी खिळा मारताना त्याचे टोक हातोडीने थोडे बोथट कर. अणकुचीदार खिळा रेषा फाकवत जातो, बोथट खिळा त्या तोडत जातो.

भिंतीच्या वर, वाशांच्या मधल्या फटी फळीने बंद करू नको. तिथे जाळी लाव. आतली दमट हवा तिथूनच बाहेर जाते. सगळीकडून बंद केलेल्या खोपीत कोयत्याला गंज चढतो आणि खताचे पोते दगड होते.

दार तीन फूट रुंद ठेव आणि बाहेर उघडेल असे बसव. मागून दोन आडव्या पट्ट्या आणि एक तिरकी. तिरकीचे खालचे टोक बिजागरीकडे आणि वरचे कडीकडे. उलटी लावलीस तर दार लोंबते. चौकटीशी दोन सूत फट ठेव. उन्हाळ्यात घट्ट बसणारे दार आषाढात उघडत नाही, कारण लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही.

तेल

बाहेरून जाड रंग फासू नको. रंगाला बारीक तडा गेला की पाणी आत शिरते आणि रंगाच्या आड अडकते. जवसाच्या तेलात टर्पेंटाइन मिसळून पातळ हात दे, फळ्यांच्या टोकांना दोनदा-तीनदा. तेलाचे बोळे कोपऱ्यात चुरगाळून टाकू नको, ते आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळव. खांबांच्या बुडाला काजूच्या टरफलांचे तेल चांगले, होड्यांनाही लावतात. पण ते कातडी भाजते, हातमोज्यांशिवाय त्याला शिवायचे नाही. गाडीचे काळे ऑइल विहिरीजवळच्या वाडीत नकोच.

आत काय, कुठे

कुदळ, फावडे, खुरपी भिंतीला खुंट्यांवर टांग. खताची पोती फळ्यांच्या चौथऱ्यावर ठेव, भुईवर नको. फवारणीची औषधे वर, कुलपात. ग्रासकटरचे पेट्रोल त्यांच्याजवळ नको. आंब्याचा झेला आत मावत नाही. त्याला पूर्वेच्या वळचणीखाली दोन खुंट्या मार, म्हणजे तो भिजणारही नाही आणि हंगामात चटकन हाताशी येईल.

वर्षातले दोन दिवस

दिवाळीनंतर एक दिवस: जोत्याभोवती फिरून वाळवीच्या मातीच्या नळ्या बघ, मोड, आणि तेलाचा एक हात दे. वैशाखात दुसरा दिवस: कौलांवरचा पातेरा काढ, फुटकी कौले बदल, पट्ट्यांचे बोल्ट आवळ. पश्चिमेच्या भिंतीला झापे बांधलेस तर फळ्यांचे आयुष्य आणखी वाढेल. मृग लागण्याआधी हे उरकले पाहिजे.

हे दोन दिवस दरवर्षी द्यायची तयारी असेल, तरच लाकडाला हात लाव. नसेल, तर सरळ चिऱ्याची खोली बांध, त्यात कमीपणा काही नाही. बांधून विसरून जायचे असेल त्याने लाकडाच्या वाटेला जाऊ नये.