राग जात नाही म्हणतेस...

अगं, तुझं दुखणं कळलं मला. बाप्तिस्मा लहानपणीच झालाय, दृढीकरण झालं, तरुण संघात प्रार्थना चालवतेस. आणि घरी वहिनी एक शब्द वावगा बोलली की तुझा पारा चढतो. मग मलाच विचारतेस, "ताई, मी खरी ख्रिस्ती आहे ना गं?"

हा प्रश्न तुला छळतो, हेच बरं लक्षण समज. पण घाई करू नकोस. पंडिता रमाबाईंचंच बघ. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये, वाँटेजला झाला. आपल्याला धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त भेटायला आणखी बरीच वर्षं लागली, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. एवढ्या विदुषीला वेळ लागला, तर तुझ्या-माझ्या स्वभावाला नाही का लागणार?

आणि आपल्या लक्ष्मीबाई टिळक! १८९५ मध्ये त्यांचे पती टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या त्याही आपलं सोवळं बरोबर घेऊनच. टिळकांनी ते चालू दिलं. जातिभेद खरा नाही हे बाईंच्या मनानं घेतलं, मग सोवळं सुटलं, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' पुन्हा एकदा वाच. टिळकांचा तापटपणा काही बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून गेला नव्हता, हेही त्यात सापडेल. लक्ष्मीबाईंनी ते लपवलं नाही, की त्यावरून नवऱ्याची श्रद्धा खोटीही ठरवली नाही.

पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळाबद्दल नऊ गोष्टी सांगितल्यात. संडे स्कूलपासून तुला पाठ आहेत. पण कधी लक्षात आलं का, त्यातल्या बऱ्याचशा एकटीनं साधतच नाहीत. सहनशीलता अंगी यायची, तर सहन करायला लावणारं माणूस हवं. ममता आणि सौम्यता रिकाम्या खोलीत कुणाला दाखवशील? म्हणजे वहिनी घरात नसती, तर तुझी भक्ती सोपी झाली असती खरी, पण कच्चीच राहिली असती.

म्हणून नऊच्या नऊ गुणांची वही घालून बसू नकोस. एकच माणूस धर, एकच वेळ धर. तुमचं बिनसतं ते सकाळी, डबे भरताना. तेवढी वेळ सांभाळ. ऐकायला तत्पर आणि बोलायला, रागवायला धीमं असावं, हे याकोबाच्या पत्रातलं पहिल्या अध्यायातलं सांगणं आधी स्वयंपाकघरात करून बघ. उत्तर ओठांवर आलं तरी आधी तिचं वाक्य पुरं होऊ दे. अर्ध्या भांडणांना तेवढंच पुरतं.

मात्र सौम्य होणं म्हणजे मुकाट होणं नव्हे हं. वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांशी रमाबाईंनी मतांवरून पत्रांतून चांगले वाद घातले. माया ठेवली, मानही ठेवला, पण मनाला पटलं नाही ते मान्य केलं नाही. तेव्हा पगार कुणाच्या हातात द्यायचा, लग्न कधी करायचं, यावर तुझं मत असेल तर सांग. फक्त टोमण्यातून सांगू नकोस.

आणि एक. भांडण झालं की तू देवाची क्षमा मागतेस आणि मोकळी होतेस. वहिनीची कोण मागणार? अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट करून ये, असं प्रभूनं डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय, ते तुझ्यासाठीच आहे. येत्या प्रभुभोजनाच्या आधी तिला गाठ. "वहिनी, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं," एवढंच म्हण. "पण तूही..." हे शेपूट मात्र जोडू नकोस.

ती लगेच विरघळेल, अशी आशा धरू नकोस. कदाचित तोंड फिरवेल. तुला स्वतःला बदलायला वेळ हवाय ना? मग तिलाही दे.