वेड लावणारी माणसं

अगं चिऊ,

परवा तू म्हणालीस, "ताई, सगळ्यांना कसलं ना कसलं वेड आहे, मी एकटीच कोरडी." ते ऐकून जीव तुटला माझा. अगं, वेड कुणी जन्मतः घेऊन येत नाही. पुष्कळदा ते दुसऱ्याकडून लागतं. आणि कुणाकडून लागतं म्हणशील, तर आपल्या कामाबद्दल जीव ओतून बोलणाऱ्या कलावंताकडून.

फक्त काय ऐकायचं ते नीट निवड. किती पुरस्कार, किती दौरे, कुणाकुणाची शाबासकी, असल्या मुलाखतींनी छाती दडपते, आपण आणखी छोटे होतो. हा सूर असाच का लावला, ही भूमिका कुठे अडली, हे जिथे कळतं तिथे हात शिवशिवायला लागतात. तू तेच शोध.

सुरुवात अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांच्या 'भिन्न षड्ज'पासून कर. किशोरी आमोणकरांवरचा माहितीपट आहे. गाण्यातलं कळत नाही म्हणून अडू नकोस. त्यांच्या लेखी राग म्हणजे नुसती आरोह-अवरोहाची चौकट नव्हे, तो एक भाव. आणि स्वर ही स्वतंत्र भाषा. आई मोगूबाई कुर्डीकरांची जयपूर घराण्याची कडक तालीम मिळालेली असूनही त्या भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकल्या. ऐन उमेदीत आवाज गेला, तेव्हा गाणं थांबलं, पण गाण्याचा विचार थांबला नाही.

मग कुमार गंधर्वांकडे जा. क्षयानं ग्रासलेले कुमारजी 1948 मध्ये देवासला आले आणि पुढची काही वर्षं त्यांना गाण्याची मनाई होती. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीतं कानावर येत राहिली. त्या धुनांमध्ये त्यांना रागांची बीजं दिसली आणि त्यातून त्यांनी नवे राग घडवले. गाता येत नव्हतं तेव्हाही हा माणूस ऐकण्याचं काम करत होता, चिऊ! जब्बार पटेलांचा 'हंस अकेला' त्यांच्यावरच आहे, तोही बघ.

"आता उशीर झाला" असं तर मुळीच म्हणू नकोस. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. चाळिशी ओलांडल्यावर, 1969 मध्ये, ते पूर्णवेळ नाटकात उतरले. त्यांचं 'लमाण' वाच. तू तर अजून तिशीलाही टेकली नाहीस.

आता माझी पद्धत सांगते. आधी कलाकृती, मग कलावंताचं बोलणं, मग पुन्हा कलाकृती. किशोरीताईंचा भूप ऐक, मग माहितीपट बघ, मग तोच भूप परत ऐक. पहिल्यांदा निसटलेलं काहीतरी हाती लागतं. रीलमधल्या तुकड्यांवर भागवू नकोस. विचार उलगडायला वेळ लागतो, तो द्यावा. शेजारी वही ठेव. भारी वाटणारी वाक्यं उतरवू नकोस. जिथे तू आपसूक थांबलीस, मागे जाऊन पुन्हा ऐकलंस, तेवढंच टिपून ठेव. महिनाभरानं ती पानं चाळ. रंगांपाशी थांबतेस की शब्दांपाशी, मातीपाशी की अभिनयापाशी, ते तुझ्याच अक्षरात दिसेल. तुझं मन कुठे ओढलं जातंय, हे दुसरं कुणी सांगू शकणार नाही, मीसुद्धा नाही.

आणि एक जपायचं. ऐकण्याचीही चटक लागते. तासभर थोर माणसाचं ऐकलं की आपणच काही केल्यासारखं समाधान मिळतं, आणि प्रत्यक्षात हात रिकामेच असतात. म्हणून ऐकून झालं की लगेच अर्धा तास स्वतःचं काहीतरी कर. वेडंवाकडं होऊ दे. तू अर्ध्यावर सोडलेलं ते कुंभारकाम, चाकावर माती मधोमध बसेना म्हणून रडकुंडीला आली होतीस ना? मोठ्या कलावंतांच्या बोलण्यात नेमकं हेच भेटतं, न जमणारी गोष्ट पुन्हा पुन्हा करून बघणं. स्वतः थोडं अडखळल्याशिवाय त्यांचं बोलणं पुरतं कळत नाही.

डिसेंबरात पुण्याला ये. सवाई गंधर्व महोत्सवाच्या दिवसांत शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात 'षड्ज'मध्ये कलाकारांवरचे माहितीपट दाखवतात, 'अंतरंग'मध्ये त्यांच्याशी गप्पा होतात. दोघी मिळून जाऊ. तोवर पुन्हा चाकावर बस, आणि येताना तू केलेलं एखादं भांडं घेऊन ये. वाकडं असलं तरी चालेल. ते कसं केलंस, कुठे अडलीस, हे मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

तुझी,
ताई