स्पॅनिशमधील दोन भूतकाळ : मराठी व्याकरणाच्या दृष्टीतून

परभाषेचे व्याकरण शिकताना अभ्यासकाला स्वभाषेच्या रचनेचीही नव्याने ओळख होते. मराठी भाषकाच्या स्पॅनिश अध्ययनात याचा प्रत्यय विशेषेकरून भूतकाळाच्या संदर्भात येतो.

‘एस्क्रिबिर’ (लिहिणे) या धातूची प्रथमपुरुषी एकवचनी दोन साधी भूतकाळी रूपे पाहावीत : ‘एस्क्रिबी’ आणि ‘एस्क्रिबीआ’. पहिले रूप क्रिया पूर्ण घटना म्हणून मांडते : ‘मी लिहिले’. दुसरे रूप क्रियेचा आरंभ व अंत दृष्टीआड ठेवते. आन्द्रेस बेयो यांनी १८४७ च्या आपल्या व्याकरणात या दुसऱ्या काळाला ‘कोप्रेतेरितो’, म्हणजे ‘सहभूत’ म्हटले. भूतकाळातील अन्य घटनेशी असलेली समकालीनता हा त्याचा गाभा होय.

मराठी अध्येता या रूपाचे समीकरण केवळ ‘लिहीत होतो’ या अपूर्ण भूतकाळाशी मांडतो. ते अपुरे आहे. ‘लिहीत असे’, ‘लिही’ हा रीतिभूतकाळाचा अर्थही तेच रूप वाहते. मराठीने जे दोन कप्पे केले, ते स्पॅनिशने एकात सामावले आहेत. उलट, ‘साबेर’ या एकाच धातूचे ‘सूपे’ म्हणजे बहुधा ‘मला कळले’, तर ‘साबीआ’ म्हणजे ‘मला माहीत होते’. तेथे स्पॅनिश काळ बदलते, मराठी शब्दच बदलते.

दुसरी अडचण प्रयोगाची. ‘त्याने पत्रे लिहिली’ यात क्रियापद कर्मानुसार चालते. स्पॅनिशमध्ये ते कर्त्याचे पुरुष व वचन दाखवते, लिंग नाही. मात्र ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ हे वाक्य ‘मला पुस्तके आवडतात’ या रचनेशी सहज जुळते, कारण दोन्हीकडे आवडणारी वस्तूच क्रियापदाचे वचन ठरवते. येथे मराठी भाषकाची पूर्वतयारी उपकारक ठरते.

या भेदांचे महत्त्व परीक्षेपुरते मर्यादित नाही. स्पॅनिश कथनात पार्श्वभूमी ‘सहभूता’ने रंगते आणि घटना पहिल्या भूतकाळाने पुढे सरकते. अनुवादकाने सर्वत्र ‘होता’ योजला, तर पात्राची वर्षानुवर्षांची सवय एका दुपारची क्रिया वाटू शकते. बोलीतून मागे पडत चाललेले ‘जाई’, ‘करी’, ‘बसे’ हे मराठी रीतिभूत अशा वेळी उपयोगी पडते. त्यामुळे प्रत्ययांची कोष्टके पाठ करवण्याआधी शिक्षकाने एकच प्रश्न विचारावयास शिकवावे : ही क्रिया येथे घटना आहे की स्थिती?