नेटवर्क जाते तेव्हा व्यापारी व कारागिरांनी काय करावे?

एक काळ असा होता की फोन बंद पडला तर एखादा निरोप तेवढा राहून जाई. एस.टी.डी. बूथवर रांग लावली की तोही पोहोचत असे. आज तसे राहिलेले नाही. हिंगणघाटच्या बाजार समितीतला कापसाचा भाव, पुलगावच्या शिलाई कारागिराची ऑर्डर, गिरडला बाबा फरीद यांच्या दर्ग्याजवळ दुकान लावणाऱ्याची दिवसाची विक्री, हे सारे एका लहानशा फोनवर येऊन बसले आहे. गिऱ्हाईक माल हातात घेतो, फोनवरून पैसे देतो म्हणतो, आणि नेमकी त्याच वेळी रेंज जाते.

आमचाच अनुभव सांगतो. मागे एका पावसाळ्यात आमच्या भागात एका कंपनीचे नेटवर्क दोन दिवस नव्हते. दुसऱ्याच्या फोनवरून ग्राहक सेवेला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, मग गाणे, मग एक तरुण म्हणतो, "सर, फोन बंद करून चालू करा." तीन वेळा तीन निराळ्या माणसांना तीच हकीकत सांगितली. शेवटी संदेश आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. नेटवर्क मात्र दुसऱ्या दिवशी आले. नुकसानीचे विचारायला गेलो तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला, तक्रार क्रमांक काय? तो आम्ही लिहूनच घेतला नव्हता. भांडलो भरपूर, पण हातात काहीच नव्हते.

तेव्हा नेटवर्क गेले की आधी शेजारच्या दुकानदाराकडे त्याच कंपनीचा फोन पाहावा. त्याचाही बंद असेल तर दोष टॉवरचा किंवा केबलचा. टॉवरची वीज गेली, बॅटरी उतरली, जनरेटरमध्ये डिझेल नाही, किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीने जमिनीतली केबल तोडली, ही नेहमीची कारणे. केबल तुटू नये म्हणून खोदण्यापूर्वी सूचना देण्याचे 'कॉल बिफोर यू डिग' हे सरकारी अ‍ॅप मार्च २०२३ मध्ये सुरू झाले, पण ठेकेदाराने ते वापरले तर उपयोग. शेजाऱ्याचा फोन चालू आणि फक्त आपलाच मुका असेल, तर मात्र हयगय करू नये. सिम खराब झालेले असू शकते, किंवा कोणी ठगाने आपल्या नंबरचे दुसरे सिम काढलेले असू शकते. अशा वेळी दुसऱ्या फोनवरून प्रथम बँकेला कळवून खाते थांबवावे. पैसे गेले असतील तर १९३० वर तक्रार करावी. आणि ग्राहक सेवेचा नंबर इंटरनेटवर शोधू नये. तेथे ठगांनी आपले नंबर पेरून ठेवले आहेत.

आता नियमांकडे वळू. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, याने ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले व ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. जिल्ह्यात चार तासांहून अधिक काळ सेवा बंद राहिली तर कंपनीने ट्रायला कळवायचे असते. २४ तासांहून अधिक बंद राहिली, तर त्या जिल्ह्यातील पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट द्यायची आणि प्रीपेड ग्राहकाची मुदत वाढवायची. प्रीपेडची ही तरतूद १ एप्रिल २०२५ पासूनची आहे. नैसर्गिक आपत्तीने सेवा गेली असेल तर सूट नाही.

येथे एक मेख आहे. हा नियम जिल्हा पातळीवरच्या मोठ्या बंदीचा आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावचा एकच टॉवर तीन दिवस बंद राहिला, तर आपोआप काही मिळेल या भरवशावर राहू नये. शिवाय मिळाले तरी एक-दोन दिवसांची मुदत मिळते, बुडालेला धंदा भरून मिळत नाही. लहान गावच्या माणसाला आपली तक्रार स्वतःच पुढे न्यावी लागते.

ती नेण्याची वाट २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत आहे. प्रथम १९८ वर तक्रार करावी. हा फोन फुकट आहे. तक्रार क्रमांक, तारीख, वेळ वहीत लिहावी. साधारण तीन दिवसांत काम झाले नाही, किंवा न होताच "सोडवली" असा संदेश आला, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करावे. त्याला फी नाही, आणि निर्णय ३९ दिवसांत द्यायचा असतो. बहुतेक लोक १९८ वरच थकतात. अपिलापर्यंत फार थोडे जातात, आणि कंपनीला हे ठाऊक असते. ट्रायकडे एकट्या ग्राहकाने अर्ज पाठवण्यात अर्थ नाही, ते व्यक्तिगत तक्रारी सोडवत नाहीत. दूरसंचार विभागाकडे मात्र केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरून जाता येते.

त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २००९ च्या एका निकालामुळे टेलिफोनच्या तक्रारी तेथे चालत नाहीत असे कंपन्या सांगत. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात त्या चालतात असे स्पष्ट केले. पाच लाखांपर्यंतच्या सेवेला फी नाही, वकील लागतोच असे नाही, मुदत दोन वर्षांची. कंपनीचा वकील पहिला मुद्दा हाच मांडील की फोन धंद्यासाठी होता, म्हणून तुम्ही ग्राहकच नव्हे. स्वतः राबून पोट भरणाऱ्या कारागिराची बाजू येथे मोठ्या पेढीपेक्षा बळकट, असे आमचे मत.

अडकलेल्या पैशांचे वेगळे आहे. गिऱ्हाईकाच्या खात्यातून रक्कम गेली आणि आपल्याकडे आली नाही, तर हुज्जत न घालता व्यवहाराचा क्रमांक दोघांनी लिहून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे दुकानात केलेल्या यूपीआय व्यवहाराची रक्कम पाच दिवसांत परत जायला हवी. उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये द्यायचे. दोष नेहमी टॉवरचाच असतो असेही नाही. २६ मार्च व १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआयच देशभर अडखळले होते. आणि फक्त इंटरनेट गेले, पण साधा फोन लागत असेल, तर *९९# वरून पैसे पाठवता येतात.

एकाच कंपनीवर विसंबण्याचा धोका श्रीमंत देशांनाही चुकला नाही. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स कंपनीचे जाळे कोसळले, तर डेबिट कार्डची यंत्रणाही त्याच जाळ्यावर असल्याने देशभर दुकानांत कार्ड चालेनात. आपल्याकडे २०१८ मध्ये एअरसेल बुडाली तेव्हा नंबर वाचवायला लोकांची धावपळ झाली. म्हणून दुसरे सिम दुसऱ्या कंपनीचे ठेवावे. पण घेण्यापूर्वी चौकशी करावी, कारण खेड्यात दोन कंपन्या एकाच टॉवरवर असतात आणि वीज गेली की दोन्ही एकदम जातात. गल्ल्यात सुटे पैसे असू द्यावेत, आणि नेहमीच्या गिऱ्हाईकांचे नंबर कागदावर.

अपिलाचा मजकूर लांबलचक नको. इतका पुरे: "माझा मोबाईल क्रमांक अमुक. दिनांक अमुक, सकाळी अमुक वाजल्यापासून अमुक गावी सेवा बंद आहे. १९८ वर अमुक तारखेस तक्रार केली, तक्रार क्रमांक अमुक. सेवा सुरू न होताच तक्रार बंद करण्यात आली. सेवा सुरू करावी, बंद दिवसांची मुदत वाढवून द्यावी आणि बंद पडण्याचे कारण लेखी कळवावे." खाली नाव, गाव, तालुका, जिल्हा वर्धा, आणि सही. एक प्रत आपल्याजवळ.