क्लास नको, कमिटी हवी

ऑगस्ट उजाडला की पालकांचे ठरलेले फोन सुरू होतात. "सर, मुलगी कॉलेज फेस्टच्या कमिटीत शिरलीय, अभ्यासाचं कसं होणार?" आणि त्याच दमात, "एखादा चांगला पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास सुचवा ना!"

स्पष्ट सांगतो. क्लासची फी वाचवा आणि मुलीला कमिटीत राहू द्या.

मुंबईत आयआयटीचा मूड इंडिगो आणि झेवियर्सचा मल्हार, पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजची १९२८ पासूनची रेगाटा, म्हणजे नदीवरचा नौका-सोहळा. हे सोहळे मुलंच उभे करतात. लोकांना नदीतल्या होड्या आणि मशाली दिसतात, त्यामागची धावपळ दिसत नाही.

निवेदनाला आणि नाचाला नावं भरपूर येतात. मी मुलांना सांगतो, हिशेबाचं काम मागून घ्या. अनोळखी माणसाला फोन करायला घाबरणारी एक विद्यार्थिनी खजिनदार झाली. मंडपवाल्यांकडून तीन दरपत्रकं आणायची, जनरेटरची पावती जपायची, पोलीस परवानगीसाठी चौकीत थांबायचं, हे सगळं तिच्याकडे आलं. वर्षअखेरीस ती फाइल घेऊन माझ्यासमोर बसली आणि कुठला खर्च का वाढला, ते न अडखळता सांगत गेली. हे कुठल्याही क्लासात शिकवत नाहीत.

पण संस्थेची साथ हवी. सभागृह, थोडा निधी, हजेरीत सवलत आणि चूक झाली तर पाठीशी उभा राहणारा प्राध्यापक, एवढं मिळालं की मुलं वाढतात. सगळं काम इव्हेंट कंपनीला देऊन टाकलं, तर मुलांच्या वाट्याला फक्त खुर्च्या उचलणं येतं. म्हणून प्रवेश घेताना विचारा : कार्यक्रमाचा हिशेब विद्यार्थी ठेवतात का? महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद आहे. त्या मंडळाच्या कार्यालयाची पायरी मुलांनी जरूर चढावी.

मुलांनो, वर्षाला एकच कमिटी घ्या. प्रॅक्टिकल बुडवू नका.

आणि पालकांनो, धाकाने नाव मागे घ्यायला लावलेलं मूल पुढे प्रत्येक निर्णयासाठी तुमच्या तोंडाकडे बघतं. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद झाला की मुलीला न्यायला गेटवर जा. "किती उशीर!" म्हणू नका. "जमा किती, खर्च किती?" एवढंच विचारा आणि घरी येईपर्यंत ऐकत राहा.